एप्रिलच्या लग्नासाठी वसंतातली हंगामी फुलं कोणती निवडावीत?

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात आहे. सकाळी हळद, मुहूर्त गोरज. तिला वसंतातली हंगामी फुलं हवीत, पण मोबाइलमध्ये फोटो जमवलेत ते ट्यूलिप आणि पिओनीचे. सासरची मंडळी सावंतवाडीची. बजेट बेताचं.

मुहूर्ताची वेळ तुम्ही प्रश्नातच सांगितलीत, फार बरं केलंत. आमचं हार-गजऱ्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. मी त्यात बसायला लागले त्याला आता २२ वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की आधी रंग सांगतं, मग फोटो दाखवतं, आणि लग्न किती वाजता असं विचारलं की "ते अजून गुरुजींना विचारायचंय" म्हणतं. फुलाची निवड खरं तर तिथूनच सुरू होते. एप्रिलमध्ये तर नक्कीच, कारण प्रत्येक फुलाचं उमलायचं आणि मान टाकायचं घड्याळ वेगळं आहे.

आधी वसंताचा घोळ निस्तरू. आपल्या पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजे पुण्यात पारा चाळिशीला टेकायचे दिवस. फोटोंमधला वसंत थंड मुलखातला, बर्फ वितळल्यानंतरचा. ट्यूलिपच्या कांद्याला फुलायच्या आधी थंडी खावी लागते, म्हणून तो श्रीनगरच्या बागेत मार्चअखेरीला नि एप्रिलमध्ये फुलतो. इथल्या कार्यालयात दुपारी तीन वाजता तो आ वासून बसेल. पिओनी तर बाहेरूनच मागवावी लागते, तिचा भाव ऐकून तुमचे वडील खुर्ची शोधतील. बहिणीला फोटोतले रंग आवडले असतील तर रंग घ्या, फुलं इथली घ्या. इथली फुलं कोणती हे आपल्या आज्यांना पाठ होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जे आणायचे ते सगळं आठवा: मोगरा, सोनचाफा, दवणा, आंब्याचे डहाळे. तुमची यादी जवळजवळ तिथेच झाली.

तुमच्या लग्नाचं मुख्य फूल मोगरा. यात मला शंका नाही. एप्रिल हा त्याच्या भर हंगामाचा काळ, आणि गोरज मुहूर्ताशी त्याचं जमतं तसं दुसऱ्या कुठल्या फुलाचं जमत नाही. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात तेव्हा ती घट्ट मिटलेली, जाडसर तांदळासारखी असते, देठाकडे किंचित पोपटी. दिवसभर तशीच राहते. पाच-साडेपाचला टोकाशी सैल पडायला लागते आणि अंधार पडता पडता उमलते. एप्रिलअखेर पुण्यात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. म्हणजे अंतरपाट धरला जाईल, मंगलाष्टका चालू असतील, आणि त्याच वेळी बहिणीच्या डोक्यातला गजरा उमलत असेल. पैसे देऊन असा योग जुळवून आणता येत नाही, तुम्हाला तो आयता मिळालाय.

म्हणून ऑर्डर देताना दोन गोष्टी ठासून सांगा. एक, त्याच दिवशी सकाळी आलेल्या कळ्या हव्यात, आदल्या दिवशीच्या नकोत. शिळी कळी ओळखायची खूण अशी की पाकळीच्या कडेला गुलबट-तपकिरी रेघ दिसते आणि देठ मऊ पडलेला असतो. दुसरी, गजरे दुपारी दोननंतर ओवायला घ्या म्हणावं. कारागीर सकाळीच ओवून मोकळे होतात, मग ते गजरे पिशवीत घामेजतात. सहा-सात वर्षांपूर्वी मीच हे करून बसले होते. तिथी मोठी, हात कमी, म्हणून सकाळी अकरालाच चाळीस गजरे बांधून कार्यालयात पोचवले. तिथे कुणीतरी खोके खिडकीत उन्हाला ठेवले. संध्याकाळी खोके उघडले तर उकडलेल्या भाताचा वास. वधूची आत्या मला जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण बोलली ते योग्यच बोलली.

गजरा दोऱ्यात ओवलेला घेऊ नका, केळीच्या सोपटात बांधलेला घ्या. केळीच्या खोडाचा सुकवलेला पापुद्रा भिजवायचा, त्याच्या बारीक चिरफळ्या काढायच्या, आणि दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, देठांवर एक फास, परत दोन-दोन. सोपट ओल धरून ठेवतं, आणि कळीला सुईने भोक पडत नाही. सुईने ओवलेली कळी भोकापाशी आधी लाल पडते. सोपटाचा गजरा थोडा महाग पडतो कारण वेळ जातो. घरच्या बायकांसाठी सोपटाचे आणि बाकी पाहुण्यांसाठी दोऱ्याचे, असं केलंत तरी चालेल. ऑर्डर मात्र नगावर द्या. वजनावर दिलीत की गजरे विरळ येतात, आणि भांडायला काही आधार राहत नाही.

आता सकाळ. हळदीला मोगऱ्याचे दागिने अजिबात करू नका, हल्ली मुली हट्ट धरतात. पांढऱ्या कळीवर हळद लागली की ती मळकट दिसते, आणि सकाळी मोगरा मिटलेला असल्यामुळे वासही नसतो. हळदीचे दागिने निशिगंधाच्या कळ्यांचे करा. पुण्याच्या बाजारात याला गुलछडी म्हणतात, आमच्याकडे मागताना तोच शब्द वापरा. कळी जाडजूड, मेणासारखी, उन्हाला टिकते, चुरगळली तरी लगेच मान टाकत नाही. दागिन्यांना एकेरी जातीची सुटी कळी चांगली. दांड्या फुलदाणीत लावायच्या असतील तर दुहेरी घ्या.

सकाळचं फूल सोनचाफा. तो उजाडायच्या आत खुडतात, सकाळी घमघमतो आणि दुपार कलली की कडेने तपकिरी पडायला लागतो. मोगऱ्याच्या बरोबर उलट. म्हणून मी कधीच सोनचाफ्याची वेणी संध्याकाळच्या मुहूर्ताला देत नाही, कितीही गळ घातली तरी. सकाळी दारात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक सोनचाफा द्या, प्लॅस्टिकच्या कागदातल्या गुलाबापेक्षा हजारपट चांगला दिसतो. वसईकडून येतो तो माल चांगला असतो. पाकळ्या उघडू नयेत म्हणून फुलाला दोरा बांधलेला असतो, तो द्यायच्या वेळीच सोडा. आणि फूल देठाला धरा. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे बोटाचा डाग उमटतो. करवल्यांना हे आधीच बजावून ठेवा, त्या फुलं मुठीने उचलतात.

वरमालांबद्दल लोक सगळ्यात जास्त खर्च करतात आणि सगळ्यात जास्त फसतातही तिथेच. गुलाबाच्या पाकळ्यांचे जाडजूड हार फोटोत छान दिसतात. एप्रिलच्या उकाड्यात त्या पाकळ्या कडेने काळ्या पडतात, आणि हार इतका जड असतो की नवरा मुलगा मान वाकवून पोक काढल्यासारखा उभा राहतो. डच गुलाबाचा खरा माल थंडीतला. तळेगाव-मावळातल्या पॉलिहाउसमध्ये तो बारा महिने निघतो, पण उन्हाळ्यात दांडी आखूड, फूल लहान आणि उघडायची घाई. हार निशिगंधाचा करा, मध्ये मोगऱ्याचे पट्टे, आणि हिरवा रंग हवा असेल तर दवणा. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडचं खास उत्तर विचाराल तर दवणा. चैत्रात तो जोतिबाला वाहतात, आणि त्याच्याइतकी वसंताची म्हणावी अशी दुसरी गोष्ट नाही. फूल नव्हे, करडसर हिरवी, बारीक चिरलेली पानं. पण सुकत गेला तसा वास चढतो. दुसऱ्या दिवशी हार खुंटीवर वाळलेला असतो तरी खोलीभर वास असतो. अर्धा किलो दवण्यात दोन्ही हारांचं आणि ताटांचं भागतं. फुलवाल्याला आठवडाभर आधी सांगा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

लाल रंग हवाच असेल तर प्रत्येक हाराच्या खाली एकच पदक गुलाबाचं, बस.

सासरचे सावंतवाडीचे आहेत म्हणून सुरंगीचा विषय काढते. तिकडच्या बायकांच्या डोळ्यांत सुरंगीचं नाव काढलं की वेगळीच चमक येते. वेंगुर्ल्याच्या बाजूला, आसोलीसारख्या गावांत ही झाडं आहेत. फुलं फांदीला चिकटून, अगदी खोडालगत लागतात, आणि सकाळी लवकर, उमलायच्या आत कळ्या काढाव्या लागतात. त्यांचा वळेसर, म्हणजे तिकडचा गजरा, करतात. हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, रेंगाळला तर एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे तुमच्या तारखेला ताजी सुरंगी धरू नका. पण सुरंगी वाळली तरी वास सोडत नाही. सासरकडच्या कुणाला मार्चमध्येच दोन वळेसर सुकवून ठेवायला सांगा आणि बहिणीच्या शालूच्या घडीत ठेवा. सासूबाईंना काय वाटेल ते बघाच. आणि ताजं काही तिकडचं हवंच असेल तर अबोली. तिला वास नाही, पण रंग असा की पांढऱ्या मोगऱ्यात दोन-दोन बोटांवर एक पट्टा घातला की गजऱ्याला उठाव येतो, आणि उन्हाला ती मोगऱ्यापेक्षा काटक. तुमच्या फोटोतला पिओनीचा फिका केशरी-गुलाबी रंग बहिणीला आवडला असेल तर तो अबोलीच्या जवळ जातो, तिला दाखवून बघा.

काही नावं यादीतून काढून टाका. जाई-जुई पावसाळ्यातली, एप्रिलमध्ये कुणी देतो म्हणाला तर नीट बघून घ्या. शेवंती दिवस लहान झाले की फुलते, तिचा काळ थंडीचा, आत्ता मिळेल ती महाग आणि किरकोळ. जरबेऱ्याची मान उकाड्यात मोडते म्हणून दांडीला तार किंवा नळी घालतात, ती जवळून वाईट दिसते. बहाव्याचे झुंबर याच दिवसांत रस्त्यावर लटकत असतात आणि दर वर्षी एखादा हौशी मामा फांद्या तोडून आणतो. एक तर शहरात फांदी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, आणि तोडलेला बहावा दुपारपर्यंत पिवळा सडा घालून उघडा होतो. कार्यालयाच्या आवारात बहाव्याचं झाड असेल तर नवरा-नवरीला त्याच्याखाली उभं करून फोटो काढा, फुकटात होतं.

मंडपाला फार डोकं लावू नका. दाराला केळीचे खांब, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, झेंडूच्या माळा. झेंडू उन्हाला दाद देत नाही, आदल्या रात्री लावलात तरी दुसऱ्या रात्रीपर्यंत तोंड वर करून असतो. डेकोरेटर स्टेजसाठी ऑर्किड सुचवेल. ते टिकतं हे खरं, पण ते बहुतेक थायलंडहून येतं, त्याला हंगामी म्हणू नका. स्टेजवर हिरवळ जास्त आणि फूल कमी ठेवलंत तर पैसेही वाचतील.

पैशांचं म्हणाल तर फुलाचा भाव तिथीवर चालतो. मोठी लग्नतिथी किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की एका रात्रीत मोगरा दुप्पट झालेला मी पाहिलाय. तारीख बदलता येत नसेल तर निदान पंधरा दिवस आधी फुलवाल्याशी भाव ठरवून थोडा विसार द्या, म्हणजे तो तुमच्यासाठी माल धरून ठेवतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात स्वतः जायची हौस असेल तर उजाडायच्या सुमाराला जा, दहा वाजता जाऊन उरलेलं मिळतं. पण घरात लग्न असताना पहाटे कोण जाणार आणि चाळीस गजरे कोण बांधणार, याचाही विचार करा. सुटी झेंडूची फुलं, दवणा, डहाळे हे तुम्ही आणा. गजरे आणि हार बांधणाऱ्याकडे सोपवा.

गजरे आल्यावर ते पाण्याने शिंपडू नका, पाकळीवर थेंब बसला की तिथे डाग पडतो. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यावर केळीचं पान, त्यात गजरे, आणि स्टीलच्या डब्यात झाकण अर्धवट लावून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलेत तर कळ्या काचेसारख्या होतात आणि बाहेर काढल्यावर काळ्या पडतात. वरमाईच्या डोक्यात गजरा साडेपाचनंतरच माळा. आणि डबा ठेवताना फ्रीजमध्ये आणखी काय आहे ते बघा. माझ्या पुतणीच्या लग्नात तो लसणाच्या चटणीशेजारी राहिला, आणि गुरुजींनी मंगलाष्टकं संपल्यावर हळूच विचारलं, "जेवणात ठेचा आहे का?"