कधीपासून, ते आधी विचार

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना काळजी वाटली. दुसऱ्यांदा वाचताना राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागातच उत्तर लिहायला बसले आहे. तू म्हणतोस, सहा महिने वाचून तुझ्या हाती दोनच वाक्यं उरली आहेत आणि ती एकमेकांना खोडतात. एक, धर्म नसते तर एवढी युद्धं झाली नसती. दुसरं, धर्म हे निमित्त, खरं भांडण जमिनीचं आणि सत्तेचं. प्रबंधासाठी यातलं कुठलं निवडू, असं विचारतोस. आणि मग अगदी तळाला, घाईघाईने लिहिल्यासारखी ती ओळ : तू रोज रात्री प्रार्थना करतोस आणि हल्ली ती करताना लाज वाटते.

त्या तळाच्या ओळीपर्यंत येतेच. आधी ती दोन वाक्यं बघू.

दोन्ही टाकून दे. मधला मार्ग काढ असं मी म्हणत नाही, मधल्या मार्गाचा मला कंटाळा आहे. टाकून दे, कारण दोन्हींत साल नाही. कुणी म्हणालं की हे दोन समाज पूर्वापार वैरी आहेत, तर एकच प्रश्न विचारायचा : कधीपासून? कुठल्या सालापासून? आणि त्याच्या आदल्या वर्षी हेच लोक काय करत होते? कित्येक वर्षं मी हेच सांगत आले. पण मी हे शिकले उशिरा, आणि एका मुलीचं नुकसान करून शिकले.

१९९३ साल होतं. युगोस्लाविया फुटल्यावर बोस्नियात सर्ब (ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती), क्रोएट (कॅथलिक) आणि मुसलमान एकमेकांशी लढत होते. त्या बातम्या रोज येत होत्या आणि मी वर्गात सांगितलं, तिथे शेकडो वर्षांचं धार्मिक वैर उफाळून आलं आहे. मुलांनी लिहून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "कधीपासून, बाई?" मी ठसक्यात उत्तर दिलं, "१३८९ पासून. कोसोव्होची लढाई." ती म्हणाली, "मग मधली सहाशे वर्षं ते एकमेकांशेजारी कसे राहिले?" मी तिला खाली बसायला सांगितलं. पुढच्या वर्षी तिने इतिहास सोडला. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं की माझं सालसुद्धा चुकीच्या जागी होतं. १३८९ मध्ये लढले ते सर्बियाचा राज्यकर्ता लाझार आणि ओटोमन सुलतान मुराद. बोस्निया ओटोमनांच्या हाती पडला १४६३ मध्ये, म्हणजे त्या लढाईच्या वेळी तिथे मुसलमान समाज असा नव्हताच. उलट बोस्नियाच्या राजाने लाझारच्या मदतीला फौज धाडली होती! मग १३८९ हे साल माझ्या तोंडी आलं कुठून? २८ जून १९८९ ला, लढाईला सहाशे वर्षं झाली म्हणून, सर्बियाचा नेता मिलोशेविचने त्याच मैदानावर प्रचंड गर्दीपुढे भाषण केलं. तिथून ते साल वर्तमानपत्रांत आलं आणि वर्तमानपत्रांतून माझ्या वर्गात. जिवंत माणसांच्या आठवणीतलं साल वेगळंच होतं, १९४१. तेव्हा नाझींच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या क्रोएशियाच्या राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना मारलं होतं. आजोबांनी पाहिलेलं ते दुःख होतं. त्याला सहाशे वर्षांचं वय चिकटवलं की मग त्यावर इलाजच उरत नाही. एवढं जुनं दुखणं कोण बरं करणार? लोक हात झटकून मोकळे होतात. त्या वर्षी मीही झाले.

बोस्नियातल्या मोस्तार गावातला दगडी पूल १५६६ मध्ये बांधला आणि ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफा डागून पाडला. पाडणारं सैन्य क्रोएट होतं. त्यांनी आणि गावातल्या मुसलमानांनी आदल्याच वर्षी मिळून सर्ब फौजांशी झुंज दिली होती. आदल्याच वर्षी! हे तुझ्या 'पूर्वापार'मध्ये कसं बसवशील?

आता दुसऱ्या वाक्याकडे ये. त्यातही मी फसले आहे. लाज वाटली म्हणून मी पुढची कित्येक वर्षं उलट टोकाला गेले. धर्म म्हणजे नुसतं पांघरूण, खाली बघा, तिथे पैसा आणि प्रदेश सापडेल, असं शिकवत राहिले. मुलांना ते आवडायचं, कारण त्यात हुशार असल्यासारखं वाटतं. पण बोस्नियातल्याच बान्या लुकाचं काय करायचं? त्या शहरात लढाई झाली नाही. सत्ता आधीच सर्बांच्या हातात होती. तरी मे १९९३ मध्ये तिथली सोळाव्या शतकातली फेरहादिया मशीद सुरुंग लावून उडवली. नुसत्या जमिनीचं भांडण असतं तर याची गरजच नव्हती. गरज होती, कारण प्रार्थनास्थळ आणि दफनभूमी हा समाजाचा सातबारा असतो. आम्ही इथले, आमचे पूर्वज इथले, हे तो सांगतो. माणसं हाकलून पुरत नाही, ती कधीकाळी इथे होती ही खूणही पुसावी लागते. म्हणून 'धर्म हे निमित्त' असं लिहिताना त्या मशिदीत नमाज पढणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन लिहिता येईल का, ते बघ.

तुझ्या मसुद्यात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाला (१६१८-४८) तू सरळ 'धर्मयुद्ध' म्हटलं आहेस. साल लाव. जानेवारी १६३१ : फ्रान्सने स्वीडनच्या राजाशी, गुस्ताव अडॉल्फशी, करार केला आणि त्याच्या सैन्याला पैसा पुरवायचं कबूल केलं. गुस्ताव कट्टर प्रोटेस्टंट. फ्रान्सचा कारभार हाकत होता रिशल्यू, कॅथलिक चर्चचा कार्डिनल. मे १६३१ : पवित्र रोमन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाच्या सैन्याने माग्डेबुर्ग हे जर्मनीतलं प्रोटेस्टंट शहर जाळलं, सुमारे २०,००० माणसं मेली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. पहिली पाहून तू म्हणशील धर्म खोटा, दुसरी पाहून म्हणशील धर्मच खरा. दोन्ही एकाच पानावर लिही आणि वाचणाऱ्याला अस्वस्थ होऊ दे. तुला स्वतःला ती अस्वस्थता सहन होत नाही म्हणून तू 'भूमिका' शोधतो आहेस, असं मला वाटतं.

आणि तो शब्द, 'अस्मिता'. वीस पानांत किती वेळा आला ते मोजलं नाही, पण दर पानावर माझा हात त्याखाली रेघ मारायला गेला. अस्मिता जागी झाली, अस्मिता दुखावली, अस्मिता उफाळली. ती आपोआप उगवते का? कुणीतरी नोंदवही उघडतं, रकाने आखतं, आणि माणसाला एकाच रकान्यात उभं करतं. ते कोण, कुठल्या कागदावर, कुठल्या साली?

तुला १९२३ चा लोझानचा करार नीट वाचायला सांगितलं होतं. तू दोन ओळींत उरकलास, म्हणून मी इथे थांबणार आहे. ३० जानेवारी १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्ताननं ठरवलं की एकमेकांच्या लोकसंख्येची अदलाबदल करायची, आणि ती सक्तीची. तुर्कस्तानातले सुमारे १२ लाख ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे झाले, त्यातले बहुतेक करारापूर्वीच पळून आलेले होते. ग्रीसमधून साडेतीन लाखांहून जास्त मुसलमान तुर्कस्तानात गेले. कोण ग्रीक, कोण तुर्क हे ठरवायची कसोटी कोणती होती? भाषा? नाही. धर्म. कापाडोकियातल्या हजारो ख्रिस्ती कुटुंबांना तुर्कीशिवाय भाषा येत नव्हती. ते तुर्कीच बोलत, फक्त लिहीत ग्रीक अक्षरांत. ती माणसं 'मायदेशी' पोचली आणि तिथे त्यांची घरची भाषा शत्रूची ठरली. क्रीटमधल्या मुसलमानांचं उलट, त्यांची बोली ग्रीक. तेही 'मायदेशी' गेले.

आणि ही कसोटी लावली कुणी? धर्मगुरूंनी लावली नाही. या वाटाघाटींमागे नान्सेन होता, निर्वासितांसाठी आयुष्य वेचलेला माणूस, आदल्याच वर्षी नोबेल शांतता पारितोषिक मिळालेला. तुर्कस्तानच्या ज्या सरकारने हा करार केला त्यानेच १९२४ च्या मार्चमध्ये खिलाफत बरखास्त केली. धर्म राज्यकारभारातून बाहेर काढणाऱ्यांनीच, जेमतेम वर्षभर आधी, आपला माणूस कोण हे धर्मावरून ठरवलं होतं. त्या कुटुंबांना कुणी विचारलं नाही की तुम्ही देवाला काय म्हणता, कसं म्हणता, म्हणता का तरी. नोंद बघितली, जहाजात बसवलं.

आता तुझी ती तळाची ओळ. ज्या धर्माने त्या माणसांना जहाजात बसवलं तो रकान्यातला धर्म होता. तू रात्री डोळे मिटतोस तो वेगळा आहे. दोघांचं नाव एक असल्यामुळे तुझा गोंधळ झाला आहे. मी असं म्हणत नाही की त्यांचा संबंधच नाही. रकाना भरायला माणसं मिळतात ती श्रद्धेच्या आधारावरच, आणि श्रद्धाळू माणूस फार वेळा गप्प बसतो, हेही खरं. पण १८७२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स धर्मसभेने काय ठराव केला ते तुला माहीत आहे? दोन वर्षांपूर्वी बल्गेरियन लोकांनी सुलतानाच्या फर्मानाने आपलं वेगळं चर्च मिळवलं होतं. वंशावरून, राष्ट्रावरून चर्च वेगळं करणं हे पाखंड आहे, असं त्या सभेने जाहीर केलं. त्यात ग्रीक धर्मगुरूंचा स्वार्थ होता, त्यांचं वर्चस्व जात होतं. तरी शब्द बघ : पाखंड. राष्ट्राला धर्मापेक्षा मोठं करणं हा श्रद्धेविरुद्धचा अपराध आहे, असं म्हणण्याची ताकद श्रद्धेतही होती. ती पुढे कुठे गेली आणि कधीपासून गेली, हा खरा प्रबंधाचा विषय. लाज वाटून घेण्यापेक्षा हे शोध.

फाळणीबद्दलचं तुझं प्रकरण बरं आहे. १८७१-७२ ची खानेसुमारी (जनगणना), १९०९ चे मुसलमानांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ, आणि त्याआधी कधी भारतात न आलेला रॅडक्लिफ पाच आठवड्यांत सरहद्दीची रेघ ओढतो, हे सगळं तू सालवार मांडलं आहेस. पण तिथेही 'इंग्रजांनीच भांडण लावलं' अशी एक ओळ घुसली आहे. तीही आळशी ओळ आहे. रकाना इंग्रजांनी आखला, भरला आपणच, आणि भरताना आपल्याला त्यातून काय मिळत होतं तेही लिही. आणि १९४७ वर थांबू नकोस. 'कधीपासून'बरोबर 'कधीपर्यंत' हेही विचार. धर्मावर उभं केलेलं ते राष्ट्र, पाकिस्तान, १९७१ मध्ये दुभंगलं, चोवीस वर्षांत. चीर पडायला लागली होती २१ फेब्रुवारी १९५२ ला, ढाक्यात, भाषेसाठी गोळ्या झेलणाऱ्या पोरांमुळे. मारणारे आणि मरणारे एकाच धर्माचे.

माझ्या या हट्टाची किंमत मी मोजली आहे, हेही तुला कळू दे. एका पाठ्यपुस्तकासाठी मी धडा लिहिला होता. संपादकांनी निम्मी सालं काढली आणि एका ठिकाणी 'अनादी काळापासून' असे शब्द घातले. मुलांना सालं पाठ करायला जड जातात, असं कारण दिलं. मी धडा मागे घेतला. सहकारी म्हणाले, दोन शब्दांसाठी एवढं? कधी कधी वाटतं, छापू दिला असता तर बाकीची पानं तरी मुलांपर्यंत पोचली असती. त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याकडून जो धडा घेतला तो मी वाचला आहे आणि त्यात एकही साल धड नाही. तरीही माझं नाव त्या दोन शब्दांखाली जायला नको होतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने ते पुस्तक उघडलं असतं तर? तुला यात माझा अहंकार दिसत असेल. असेलही थोडा. पण सालाचा आग्रह धरणारं कुणीतरी लागतं, आणि मला दुसरं कुणी दिसत नव्हतं.

आयर्लंडचं प्रकरण मात्र पुन्हा लिही. 'कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं शतकानुशतकांचं वैर' अशी सुरुवात केली आहेस. १७९१ मध्ये बेलफास्टमध्ये 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना उभी राहिली. ती उभारणारे बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांचा मोठा नेता वुल्फ टोन, तोही प्रोटेस्टंट घरातला. त्यांना कॅथलिकांसह एक आयरिश राष्ट्र हवं होतं. तो दरवाजा १७९१ मध्ये उघडा होता. आधीच्या शतकातल्या जमिनी बळकावणं, कायदे, कत्तली, सगळं घडून गेल्यावरही उघडा होता. मग बंद कधी झाला? १७९८ च्या बंडाच्या वेळी? १८०१ च्या ब्रिटनशी एकत्रीकरणानंतर? की त्याहून नंतर, मतं मागायला लागल्यावर? मला उत्तर पाठवायची घाई करू नकोस. कागदपत्रं बघ, चर्चच्या नोंदी बघ, कोण कुणाच्या घरी लग्नाला गेलं ते बघ.

आणि 'शतकानुशतकं' हा शब्द तुझ्या मसुद्यात आणखी चार ठिकाणी आहे. मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. जिथे साल सापडेल तिथे साल घाल, नाही सापडलं तर वाक्य काढ, मग पाठव.

तुझी,
बाई