एसपीआय फ्लॅशचा वेग ८० वर नेला, आता राउटर दुपारी अडकतो

सेलूच्या भाऊंचा प्रश्न असा: एमटी७६२१ प्रोसेसरचा राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची लिनक्स, आणि सॉफ्टवेअर साठवणारी फ्लॅश चिप विनबाँड २५क्यू१२८जेव्ही, एसपीआय या वायरींनी प्रोसेसरला जोडलेली. डीटीएसमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, एसपीआय-मॅक्स-फ्रिक्वेन्सी १० मेगाहर्ट्झची ८० केली. सकाळी बूट होतो, दुपारी स्क्वॉशएफएसची (फ्लॅशवरच्या दाबून ठेवलेल्या फाइल सिस्टिमची) एरर देऊन बसतो. ड्राइव्ह स्ट्रेंग्थ, म्हणजे चिप सिग्नल किती जोरानं ढकलते ते, १०० टक्के करू का?

भाऊ, नका करू. आधी हिशेब बघा. इथला बस क्लॉक २२० मेगाहर्ट्झ, आणि ड्रायव्हर त्याला पूर्णांकानंच भागतो. ८० मागितले की ३ नं भागून ७३ मिळतात. क्लॉक खाली येताना चिप डेटा सोडते, वर जाताना प्रोसेसर तो उचलतो. मधे वेळ अर्ध्या सायकलचा, म्हणजे ६.८ नॅनोसेकंद. त्यातले ६ चिपच खाऊ शकते! तापल्यावर ती आणखी सुस्तावते, म्हणून तुमची दुपार.

आणि डीटीएसमध्ये फास्ट-रीडची ओळ टाकलीय का? नसेल तर कर्नल वाचायची साधी ०३ कमांड वापरतो, ती या चिपवर ५० मेगाहर्ट्झपर्यंतच चालते.

ड्राइव्हचे बिट चिपच्या स्टेटस रजिस्टर-३ मध्ये असतात, मूळ सेटिंग २५ टक्के. ते फक्त चिपकडून येणाऱ्या डेटाला लागू. क्लॉक प्रोसेसर हाकतो. प्रोसेसरकडचा जोर वाढवला तर बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत रिंगिंग, म्हणजे सिग्नलची थरथर, होऊ शकते आणि एका ठोक्याचे दोन मोजले जाऊ शकतात.

मी हे परभणीत काकांच्या पत्र्याच्या दुकानात भोगलंय. रात्रभर टेस्ट पास. मे महिना, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ओव्हरलेवर (फ्लॅशच्या लिहिता येणाऱ्या भागावर) सीआरसी, म्हणजे डेटा बिघडल्याच्या, एररांचा पाऊस. चूक माझीच, टेस्ट गारव्यात केली होती.

म्हणून ५० लिहा, ५ नं भागून ४४ मिळतील. नवं फर्मवेअर फ्लॅश करण्याआधी इनिटरॅमएफएस (रॅममधूनच चालणारी इमेज) टीएफटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून, चढवा आणि भर दुपारी कर्नल पार्टिशनचा एमडी५सम (डेटाची ताळा-बेरीज) दोनशे वेळा काढा. एमटीडीब्लॉक डिव्हाइसवरून नको बरं, ते फ्लॅश न वाचता कॅशमधून तेच उत्तर देत राहील. साध्या एमटीडी डिव्हाइसवरून काढा. एकदाही बेरीज बदलली तर आणखी खाली या.

७३ साठी जीव टाकण्यात अर्थही नाही. कंट्रोलर ३२-३२ बाइटांनीच वाचतो, वर एक्सझेडनं दाबलेला डेटा उलगडायला सीपीयू वेळ घेतो; बूटच्या वेळेत मला फरक दिसला नाही. कर्नलच्या आधी चालणारा यू-बूट तर स्वतःच्याच वेगानं चालतो, त्याला कर्नलच्या या डीटीएसशी देणंघेणं नाही.

चिपवरचा पूर्ण नंबर भिंगातून वाचून टाका. जेव्हीऐवजी एफव्ही निघाली तर हिशेब परत मांडू.