'मी केलं' म्हणायला शीक

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालीय, सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांबरोबर आठ वर्षं काम केलंस, आता ऑस्ट्रेलियाला यायचं मनात आहे. आणि विचारतेस, "ताई, तिकडे मी कायम हाताखालचीच राहीन का? टीम सांभाळायची जबाबदारी मिळायला काय लागतं, आणि त्यातलं सोलापुरातून काय शिकून येऊ?" मला मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मलाही हाच प्रश्न छळत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

कागदपत्रांचं आधी उरकते. तुझी पदवी ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स या संघटनेकडून तपासून घेता येते. त्यासाठी अभ्यासक्रमाचा तपशील आणि फील्डवर्कच्या तासांचं पत्र विद्यापीठातून आत्ताच काढून ठेव. तिथे असताना चार हेलपाटे मारता येतात, इथून नाही. इथलं एमएसडब्ल्यू करायचं ठरवलंस तर दोन वर्षं लागतात आणि त्यात किमान १००० तास संस्थेत प्रत्यक्ष काम असतं, बहुतेक वेळा बिनपगारी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच नोकरी करता येते. अभ्यासक्रमातले हे तास त्यात धरत नाहीत, पण शरीर एकच असतं, हे लक्षात ठेवून पैशांची तजवीज कर. एजंट तुला डिप्लोमा सुचवेल. पदवी हातात असताना मी तो घेणार नाही. व्हिक्टोरिया राज्यात घरगुती हिंसेवरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०१६ मध्ये २२७ शिफारशी केल्या आणि त्यानंतर त्या क्षेत्रात सोशल वर्कची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण मागायला लागले. तुझा अनुभव नेमका त्या कामाचा आहे.

आता तुझा खरा प्रश्न.

माझ्या पहिल्या मुलाखतीत तिघं समोर बसली होती. "एखाद्या गटाचं नेतृत्व केल्याचा प्रसंग सांगा," म्हणाले. मी विडी बायकांच्या प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट सांगितली. कार्डावरचं नाव एक, खात्यातलं दुसरं, म्हणून पैसे अडकलेले. आम्ही याद्या केल्या, आम्ही अर्ज लिहिले, आम्ही सगळ्याजणी मिळून ऑफिसात गेलो. मुलाखत घेणाऱ्यांतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "यात तुम्ही स्वतः काय केलंत?" मला उत्तर सुचेना. आपल्याकडे बाईने 'मी केलं' म्हणणं म्हणजे मिरवणं. चळवळीत वाढलेल्यांच्या तर तोंडात 'आम्ही' इतकं बसलेलं असतं की 'मी' बाहेर पडत नाही. ती नोकरी मला मिळाली नाही.

नंतर कळलं की प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात, आणि 'आम्ही'ला गुण देता येत नाहीत. मी घरी येऊन वही काढली आणि तोच प्रसंग पुन्हा लिहिला. अडचण काय होती, माझ्याकडे काय काम होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. तेव्हा दिसलं की नावांची चूक सगळ्यांची एकच आहे हे मी ओळखलं होतं. तेलुगू घरातलं आडनाव-नाव मराठीत लिहिताना उलटसुलट झालं होतं. एकेकीचा अर्ज न करता सगळ्यांचे एकदम द्यावेत हे मी सुचवलं होतं. ऑफिसात कोण बोलणार हेही मीच ठरवलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं, फक्त ते माझं म्हणून मी कधी मोजलं नव्हतं. तूही मोजलं नसशील.

नोकरी लागल्यावर शिकायला लागलं ते याच्या अगदी उलट होतं, आणि ते मला जास्त जड गेलं. मेलबर्नच्या डँडेनाँग भागाच्या बाजूला, जिथे जगभरातून आलेली माणसं राहतात, एका आईला घर बदलून हवं होतं. मी सोलापूरच्या सवयीने तिला म्हटलं, तुम्ही बसा, मी बोलते. तिच्यासमोरच फोन लावला, भांडले, तारीख मिळवली. मला वाटलं मोठं काम केलं. आमच्या टीम लीडरने सुपरव्हिजनमध्ये एवढंच विचारलं, "तो फोन तिला स्वतः करायचा होता का?"

सुपरव्हिजन म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे सुपरव्हायझर म्हटलं की हजेरी घेणारा, चुका काढणारा माणूस डोळ्यापुढे येतो. मीही पहिल्या वेळी स्वतःचा बचाव करायला फाइल घेऊन गेले होते. इथे महिन्यातून एकदा तासभर दार लावून तुझ्या कामाबद्दल बोलायचं असतं. कुठे अडलीस, कुठल्या घरातून निघताना पोटात कालवलं, काय वेगळं करता आलं असतं. पुढे टीम सांभाळायची तर हाच तास दुसऱ्याला द्यायचा असतो. म्हणून तो मनापासून घे. फाइल बाजूला ठेवून घे.

त्या आईने पुढच्या वेळी स्वतः फोन केला. सरकारची दुभाष्यांची सेवा आहे, १३१ ४५०, दिवसरात्र चालू असते. पाऊण तास ती लाइनवर थांबली, मी नुसती शेजारी बसले. दुभाष्यामार्फत ती जे बोलली त्यातून मला पहिल्यांदा कळलं की तिला बहिणीच्या जवळचं घर हवं होतं. मी भांडून मिळवलेलं घर दुसऱ्याच टोकाला होतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

दुभाष्यावरून आठवलं. सोलापुरात कन्ना चौकाकडच्या तेलुगू घरांमध्ये आपण काय करायचो? अक्काला मराठी नीट येत नाही म्हणून तिच्या सातवीतल्या मुलीला मध्ये बसवायचो. बापाचं पिणं, आईला झालेली मारहाण, सगळं त्या पोरीच्या तोंडून. इथे मुलांना दुभाषी करायचं नाही हा पहिल्याच आठवड्यात सांगितलेला दंडक होता, आणि तो ऐकताना मला त्या मुलींचे चेहरे दिसले. हे बदलायला व्हिसा लागत नाही. तेलुगू येणारी एखादी मोठी कार्यकर्ती उद्यापासून बरोबर ने.

वर चढण्याचे रस्ते इथे छोटे छोटे असतात. टीमची मीटिंग आळीपाळीने चालवतात, तुझी पाळी सोडू नकोस. मीटिंगच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ लोकांचं स्मरण करतात. ते पाठ करून म्हणू नकोस, ज्या भागात काम करशील तिथले मूळ लोक कोण ते आधी समजून घे. त्यांच्या मुलांना सरकारने घरांतून उचलून नेलं होतं. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. समाजकार्याच्या नावाखालीच ते घडलं होतं, हे आपल्या पेशातल्या प्रत्येकीला माहीत हवं. लीडर रजेवर गेली की तिची जागा काही आठवडे कोणीतरी सांभाळतं, तेव्हा हात वर कर. दोन वर्षांचा अनुभव झाला की शिकाऊ विद्यार्थ्यांची जबाबदारी घेता येते. माझी खरी सुरुवात तिथून झाली.

आणि वरिष्ठांना 'मला हे पटत नाही' असं मीटिंगमध्येच, आवाज न चढवता सांगायला शीक. गप्प बसणं इथे मोठ्यांचा मान राखणं समजत नाहीत, तुला मतच नाही असं समजतात.

पगार ज्या श्रेणीपत्रकावर ठरतो त्याला सगळे 'शॅड्स' म्हणतात. २०१२ मध्ये कामगार संघटनांच्या दाव्यावर इथल्या न्यायाधिकरणाने या क्षेत्राचा पगार टप्प्याटप्प्याने वाढवायचा आदेश दिला. हे काम मुख्यतः बायका करतात, म्हणूनही त्याची किंमत कमी धरली गेली, हे त्यात मान्य झालं. ते वाचलं तेव्हा मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करणाऱ्या आपल्या बायका डोळ्यापुढे आल्या. त्यांच्या मजुरीची भाषा तुला येते. ती इथेही विसरू नकोस.

तिथून निघण्याआधी तीन गोष्टी कर. चारचाकी चालवायला शीक, घरभेटींच्या बऱ्याच नोकऱ्यांना लायसन्स लागतंच. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळी लिहायची सवय लाव, काय पाहिलं ते वेगळं आणि तुला काय वाटलं ते वेगळं. आणि पुढच्या तीन बैठका तू चालवू नकोस. गटातल्या एकीला पुढे बसव, तू मागे भिंतीशी बस, अडखळली तरी मध्ये बोलू नकोस.

त्या बैठका झाल्या की तुझे पाच प्रसंग 'मी' वापरून लिही आणि पाठव. रविवारी तुझी दुपार म्हणजे माझी संध्याकाळ, फोनवर एकेक वाचू.