चीनच्या झूमधलं ते माणसासारखं उभं राहणारं अस्वल खरं होतं का? सन बेअर नक्की काय प्राणी आहे आणि भारतात सापडतो का?

हो, शंभर टक्के अस्वलच होतं. जुलै २०२३ मधला हांगझोच्या झूमधल्या अँजेलाचा व्हिडिओ म्हणताय ना तुम्ही, ती दोन पायांवर ताठ उभी आणि मागून ढगळ पॅन्ट घातल्यासारख्या सुरकुत्या, त्यावरून लोकांनी आत माणूस आहे असं ठरवूनच टाकलं आणि शेवटी झूवाल्यांना खुलासा करावा लागला की हे सन बेअर आहे, ४० डिग्रीच्या उन्हाळ्यात फरचा सूट घालून माणूस टिकणार तरी किती वेळ. मी मलेशियात नोकरीला आहे, बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यातल्या सेपिलोकला जाऊन हे प्राणी बघितलेत आणि तेव्हापासून यांच्याबद्दल मिळेल ते वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जगात अस्वलांच्या ८ जाती, त्यातली ही सगळ्यात छोटी. वजन साधारण २५ ते ६५ किलो, म्हणजे आपल्या ताडोबा-मेळघाटातलं अस्वल याच्यापुढे बरंच मोठं. गरम आणि सतत पावसाच्या जंगलात राहतं म्हणून केस एकदम आखूड, आणि वर्षभर काही ना काही खायला मिळतं म्हणून थंडीत झोपून राहण्याची भानगडच नाही. छातीवर पिवळसर-केशरी पट्टा असतो, तो प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून कोणतं अस्वल ते ओळखता येतं.

आता त्या सुरकुत्या. यांची कातडी सैल असते, मानेभोवती तर खूपच, आणि वाघा-बिबट्याने मानगूट धरली तरी आतल्या आत वळून उलटा चावा घेता यावा म्हणून ती तशी असावी असं मानतात. शत्रू कमी नाहीत हो, बोर्निओच्याच इंडोनेशियाकडच्या भागात, पूर्व कालिमंतानमध्ये, रेडिओ कॉलर लावलेली एक मादी जवळपास ७ मीटरच्या अजगराने गिळली होती, कॉलरच्या सिग्नलमागे जाणारे संशोधक शेवटी त्या अजगरापाशी पोचले!

पण हा प्राणी खरा कळतो तो झाडावर. पंजे आत वळलेले, तळवे बिनकेसांचे, नख्या १० सेंटीमीटरपर्यंत, जीभ २० ते २५ सेंटीमीटर. वाळवी, मुंग्या, किड्यांच्या अळ्या, वड-उंबराच्या जातीची फळं आणि डंख नसलेल्या मधमाश्यांचा मध हे खाणं. या माश्या मोठ्या झाडांच्या आत घर करतात, तर हा गडी नख्या आणि दातांनी टणक खोड फोडून आत जीभ घालतो, पुढे अशा ढोलींत धनेशासारखे पक्षी घरटं करू शकतात. फळांच्या बिया विष्ठेतून लांब पसरतात ते वेगळंच. म्हणून जुनी मोठी झाडं तोडली की याचं अन्न आणि आसरा दोन्ही एकदम जातं, नुसती हिरवळ शिल्लक राहून उपयोग नाही.

बोर्निओच्या जंगलाचं आणखी एक आहे, तिथली बरीच झाडं दरवर्षी फळत नाहीत, काही वर्षांनी एकदम सगळीकडे बहर येतो आणि मधे फळांचा दुष्काळ. वोंग सिउ ते नावाच्या मलेशियन संशोधकांनी १९९९-२००० मध्ये साबातल्या डानम व्हॅलीच्या जंगल परिसरात असाच दुष्काळ बघितला, अस्वलं हाडांचा सापळा झालेली. याच वोंग यांनी २००८ मध्ये सेपिलोकचं सन बेअर केंद्र सुरू केलं.

तिथे येणाऱ्या बहुतेक पिल्लांची गोष्ट सारखीच, आई मारली गेली आणि पिल्लू पाळायला म्हणून विकलं गेलं. मादीला एका वेळी बहुतेक एकच पिल्लू होतं, जन्मताना साधारण ३०० ग्रॅमचं, आणि ते दोनेक वर्षं आईमागे फिरून सगळं शिकतं, कुठलं झाड, कुठलं फळ, वाळवी कशी उकरायची. पिंजऱ्यात भात खाऊन वाढलेल्याला हे परत शिकवायचं म्हणजे वर्षांचं काम, तरी त्यांनी काहींना ताबीनच्या जंगलात सोडलंय. २०१९ मध्ये याच केंद्रातल्या २२ अस्वलांवरचा अभ्यास आला, खेळताना ती एकमेकांच्या चेहऱ्यावरचे हावभाव हुबेहूब उचलतात, आणि हा एकट्याने राहणारा प्राणी बरं का! मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

मारतात कशासाठी, तर मुख्य म्हणजे पित्त आणि पंजे. आणि फासे, बाइकच्या क्लच-ब्रेकच्या वायरचे, ते रानडुकरासाठी लावलेले असले तरी अडकतं जे येईल ते. पित्तातलं जे औषधी द्रव्य आहे, अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, ते कधीपासून कारखान्यात बनतं, आपल्याकडे लिव्हर आणि पित्ताच्या खड्यांसाठी डॉक्टर त्याच गोळ्या लिहून देतात, म्हणजे अस्वलाचं पित्त काढण्याची कोणालाही काहीएक गरज नाही, तरी व्हिएतनाम-लाओसमध्ये पिंजऱ्यात कोंडून ते काढलं गेलंय, याचा मला प्रचंड संताप येतो. पाम तेलाच्या मळ्यांनी जंगल खाल्लं ते आहेच. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने जातीला 'असुरक्षित' गटात टाकलंय, ३० वर्षांत संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटली असा अंदाज आहे.

भारतात आहे, पण फक्त ईशान्येला, अरुणाचलमधलं नामदफा, मिझोराममधलं डंपा, शिवाय मणिपूर आणि नागालँड. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण वाघासारखा पैसा आणि लक्ष याच्या वाट्याला येत नाही. भारतात तो दिसण्याची आशा धरू नका, बघायचंच असेल तर सेपिलोकला जा, उंच लाकडी प्लॅटफॉर्मवरून झाडांवर चढलेली अस्वलं दिसतात, शेजारीच ओरांगउटानचं केंद्र पण आहे. आणि आग्नेय आशियात कुठेही पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायची ऑफर मिळाली तर प्लीज पैसे देऊ नका.