३,३०० डॉलरची मर्यादा आणि २५ कोटी डॉलरचा खर्च

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये एका माणसाला उमेदवाराला ३,३०० डॉलरच देता येत होते, तर त्या वर्षी एलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला तो कायद्यात बसला कसा? आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला एच-१बी व्हिसावर असलेल्या तुमच्या भावाला शंभरेक डॉलर तरी देता येतील का? भावाचं आधी सांगतो, कारण तिथे गफलत झाली तर व्हिसावर बेतू शकतं.

भावाने एक डॉलरही देऊ नये. एच-१बी वरच्या माणसाने इथल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी गावच्या महापौराच्याही, पैसे देणं बेकायदा आहे. निधी जमवण्यासाठी ठेवलेल्या जेवणाचं तिकीट घेणं हीसुद्धा देणगीच. मित्राच्या कार्डावरून पैसे भरून त्याला मागाहून रोख देणं तर मुळीच नको. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात नागरिक असलेला मित्रही अडकतो. ग्रीन कार्ड आलं की देणगी देता येते, मत मात्र नागरिक झाल्यावरच. बिनपगारी काम आजही चालतं. न्यू जर्सीतले बरेच लोक शनिवार-रविवारी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात दारोदार फिरायला जातात, कारण चुरस तिथे असते. मीही जातो. फोनवरच्या यादीत प्रत्येक घरापुढे मतदाराचं नाव, वय, त्याने कुठल्या पक्षात नोंदणी केली आहे आणि मागच्या कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केलं, हे दिसतं. कोणाला मत दिलं ते कुणालाच कळत नाही. भावाला राजकारणाची आवड असेल तर एकदा पाठवाच.

आता मस्क. ३,३०० ची मर्यादा होती ती उमेदवाराच्या खात्यात थेट जाणाऱ्या पैशावर, तीही प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, वेगळी आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळी. वॉटरगेट घोटाळ्यानंतर निवडणूक निधीच्या कायद्यात १९७४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने देणगीवरही मर्यादा घातली होती आणि खर्चावरही. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्यात देणगीची मर्यादा ठेवली आणि खर्चाची रद्द केली: प्रचारावर खर्च करणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, म्हणून. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालंय. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने कंपन्या आणि कामगार संघटनांनाही उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करण्याची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी खालच्या न्यायालयाच्या आणखी एका निकालातून सुपर पॅक, म्हणजे प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या समित्या, जन्माला आले. सुपर पॅकला कोणीही नागरिक कितीही पैसे देऊ शकतो. अट एकच: उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच्याशी संगनमत करायचं नाही.

ही संगनमताची भिंत किती पातळ आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. उमेदवार आपली नि:शब्द चित्रफीत यूट्यूबवर टाकतात आणि सुपर पॅक तीच उचलून जाहिरात बनवतं. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने सांगितलं की दारोदार प्रचाराच्या कामात दोघांनी एकमेकांशी बोललं तरी हरकत नाही. मस्क यांच्या अमेरिका पॅक या सुपर पॅकने दारोदार फिरणाऱ्या पगारी माणसांची फौज उभी केली ती याच वाटेने. शिवाय कायद्याप्रमाणे आयोगात सहा जागा, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन आणि निर्णयाला चार मतं लागतात. त्यामुळे आजवर कितीतरी तक्रारी तीन-तीनवर अडकून पडल्या आहेत.

सुपर पॅकपेक्षा कमी गाजलेला एक मार्ग आणखी आहे. उमेदवार, राष्ट्रीय पक्ष आणि राज्यांतल्या पक्षशाखा मिळून एकच संयुक्त निधी उघडतात आणि देणगीदार एकाच चेकने सगळ्यांच्या मर्यादा भरतो. २०२४ मध्ये बायडन यांच्या निधीला असा एक चेक नऊ लाख डॉलरच्या वर जाऊ शकत होता.

तरीही पैशाने उमेदवारी विकत मिळते असं समजू नका. २०१६ ला रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे १० कोटी डॉलरहून जास्त होते. साउथ कॅरोलायनातल्या प्रायमरीच्या रात्रीच जेब बाहेर पडले. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी स्वतःच्या खिशातून १०० कोटी डॉलरहून जास्त खर्चले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हा प्रशांत महासागरातला छोटा बेटांचा प्रदेश. डेमोक्रॅटिक पक्षात प्रायमरीत १५ टक्क्यांच्या खाली मतं पडली की सहसा उमेदवार निवडणारे प्रतिनिधीच मिळत नाहीत, मग टीव्हीवर कितीही दिसा. शिवाय दर पाहा: मतदानाच्या आधीच्या ठरावीक दिवसांत टीव्ही केंद्राला उमेदवाराकडून सर्वात कमी दर घ्यावा लागतो, सुपर पॅकला ती सवलत नाही. म्हणून छोट्या देणगीदारांकडून थेट खात्यात आलेला डॉलर जास्त कामाचा असतो. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स २०१६ मध्ये इतके महिने टिकले ते त्यावरच.

सरकारी निधीची सोय आजही कायद्यात आहे, पण तो घेतला की खर्चावर मर्यादा येते. २००८ मध्ये ओबामांनी मुख्य निवडणुकीसाठी तो नाकारला, त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी घेतला आणि पैशात मागे पडले. २०१२ पासून मोठ्या पक्षांच्या उमेदवारांनी मुख्य निवडणुकीसाठी तो घेतलेलाच नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाका. २०० डॉलरहून जास्त देणाऱ्याचं नाव, गाव, व्यवसाय आणि मालक कंपनी तिथे दिसते. फक्त तारखा बघून वाचा. २०२४ चं मतदान ५ नोव्हेंबरला होतं, पण त्याआधीचा शेवटचा अहवाल १६ ऑक्टोबरपर्यंतच्याच जमेचा. त्यानंतर सुपर पॅकला कोणी किती दिले ते ५ डिसेंबरच्या अहवालात आलं. आणि जिथे देणगीदार म्हणून एखाद्या 'समाजकल्याण' संस्थेचं नाव असेल, तिथे तिच्यामागची माणसं या यादीत सापडणार नाहीत, कारण अशा संस्थांवर आपल्या देणगीदारांची नावं जाहीर करण्याचं बंधन सहसा नसतं.