बढती मिळाली आणि झोप उडाली

बढतीचे पेढे वाटता येतात. झोप उडाली हे कुणाला सांगता येत नाही. अशी तक्रार घेऊन येणारे इंजिनिअर मला वरचेवर भेटतात. या बाई विमानाच्या भागांचं स्ट्रेस ॲनालिसिस करणाऱ्या, म्हणजे भार आल्यावर भाग टिकेल का हे गणिताने तपासणाऱ्या, नुकत्याच टीम लीड झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) “मी इंजिनिअर उरलेच नाही, मॅडम. दिवसभर मिटिंगा, रात्री अकरापर्यंत टीममधल्या पोरांचे रिपोर्ट तपासायचे. आई म्हणते, साहेबीण झालीस, आता रडतेस कशाला?”

मला ते रात्रीचं तपासणं खटकलं. म्हटलं, शेवटचा तपासलेला रिपोर्ट आणा, नावं-आकडे झाकून. एका ब्रॅकेटचा होता. पानं लालेलाल. एका ठिकाणी लोड केस (भागावर कुठल्या प्रसंगी किती भार येईल ते) चुकलेली, एका ठिकाणी फिटिंग फॅक्टर (जोडाच्या जागी खबरदारी म्हणून धरायचा जादा गुणक) धरायचा राहिलेला. तिथे मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे भागाची ताकद गरजेपेक्षा किती जास्त आहे ते, खरंच बदलत होतं. बाकी सगळ्या दुरुस्त्या ‘मी हे वाक्य असं लिहिलं नसतं’ या जातीच्या. त्याच म्हणाल्या, “हे मी का बदलत बसले?”

मग त्यांना ॲलन मुलालींबद्दल सांगितलं. 1969 मध्ये बोइंगमध्ये इंजिनिअर म्हणून लागले, पुढे 777 विमानाच्या प्रकल्पाचे प्रमुख झाले आणि 2006 मध्ये फोर्डचे सीईओ. पहिल्यांदा सुपरवायझर झाले तेव्हा हाताखालच्या एका इंजिनिअरने राजीनामा दिला, कारण मुलाली त्याचं काम पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला लावत. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. पुढे फोर्डच्या साप्ताहिक बैठकीत अधिकारी सगळे तक्ते हिरवे आणत, म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे अडचण; कंपनी मात्र त्या वर्षी 1,200 कोटी डॉलरहून जास्त तोट्यात. अखेर एकाने लाल तक्ता दाखवला, तर मुलालींनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर त्यांच्यातला विमानवाला तिथे दिसतो. बिघाड लपवणं किती महागात पडतं, हे त्या धंद्यात अंगात मुरतं.

बाईंनी मात्र अडवलं. “चूक सुटली तर सही माझी असते.” रास्तच. या कामात ‘सोडून द्या हो’ असा सल्ला देण्यात अर्थ नाही. म्हणून ठरलं ते एवढंच: लोड केस, गृहीतकं आणि मार्जिन त्यांनी बघायचं, भाषा ज्याची त्याने सांभाळायची. चूक सापडली तर आपण न खोडता त्या मुलाला शेजारी बसवून विचारायचं, हा आकडा कुठून आला?

सुरुवातीला हात शिवशिवायचे म्हणे. मग एकदा ग्राहकाच्या शंकेला एका ज्युनिअरने परस्पर उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि त्यांना आनंदापेक्षा चुटपुटच जास्त लागली. ती मी हसण्यावारी नेली नाही. काहींना माणसं सांभाळण्यापेक्षा आकडेच आवडतात, त्यात कमीपणा कसला? त्यांच्या कंपनीत टेक्निकल लॅडर आहे, म्हणजे मॅनेजर न होताही वरची श्रेणी मिळते. एचआरकडे त्यांनी चौकशी केलीय. काय ते अप्रेझलनंतर ठरवणार आहेत.