एखाद्याला सतत गुन्हेगार म्हटलं तर तो खरंच गुन्हेगार होतो का?

बऱ्याचदा हो, कारण शिक्का बसला की सरळ वाटा बंद होतात. पारध्यांचंच बघा. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायची वसाहत होती. हजेरी द्यायची, बाहेर पडायला परवानगी घ्यायची. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर जाते. काम मागायला गेलं की "पारधी का?" विचारून दार लावतात. मग पोट कशावर भरायचं? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हेच मांडलं: गुन्हेगारपण कृत्याइतकंच लोकांच्या प्रतिक्रियेतून घडतं. अर्थात सगळेच त्या वाटेला जात नाहीत. हा शिक्का घेऊनही कित्येक पारधी पोरं शिकताहेत.